तेलाच्या दाबावर गिअर कसा पडतो: ऑटोमॅटिक गिअरबॉक्स समजून घ्यायची आणि तपासायची रीत

खानापूरकडचे एक मामा गाडी घेऊन आले होते. जांबोटीचा रस्ता, रोजचं जाणं-येणं. म्हणाले, "मिस्त्री, दुसऱ्यावरनं तिसरा पडताना इंजिन नुसतं ओरडतंय बघा. गाडी क्षणभर लोंबकळल्यासारखी होते आणि मग दणका देऊन ओढते." मी तेव्हा ऑटोमॅटिकच्या कामात नवा होतो. इंजिन ओरडतंय म्हणजे क्लच प्लेटा गेल्या, असं धरून गिअरबॉक्स उतरवला. दोन दिवस गेले. प्लेटा काढल्या तर त्यांचं अस्तर शाबूत होतं. दोष निघाला व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे कुठल्या क्लचला तेल जायचं ते ठरवणाऱ्या व्हॉल्व्हच्या ठोकळ्यात. तिसऱ्या गिअरच्या क्लचला तेल सोडणारा स्पूल, म्हणजे सरकणारी दांडी, त्याच्या बोअरमध्ये, म्हणजे भोकात, मध्येच अडत होता. भिंगाखाली बघितल्यावर त्याच्या कडेला ॲल्युमिनियमचा एक कण चिकटलेला दिसला, केसाच्या जाडीएवढा. तो काढायला गिअरबॉक्स उतरवायची गरजच नव्हती. गाडीखाली शिरून तेलाचा पॅन सोडला असता तरी झालं असतं.

त्या दिवसापासून मी एकच नियम पाळतो. आधी तेलाचा रस्ता डोक्यात आणायचा, मग हातात पाना घ्यायचा. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

आधी गाडी कुठल्या जातीची ते ओळखा

क्लच पेडल नसलेल्या प्रत्येक गाडीला आपण सरसकट ऑटोमॅटिक म्हणतो. त्यात चार वेगळ्या जाती आहेत. 2014 साली मारुती सेलेरिओतून आपल्याकडे आलेला एएमटी हा साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. सीव्हीटीत पट्टा आणि सरकत्या पुल्या असतात. डीसीटीत दोन क्लच असतात. आणि चौथी जात म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरवाला खरा हायड्रॉलिक ऑटोमॅटिक. इनोव्हा क्रिस्टाचा डिझेल ऑटोमॅटिक, स्कॉर्पिओ-एन, एक्सयूव्ही 700, 2022 नंतरची अर्टिगा आणि ब्रेझा ही याची आपल्या रस्त्यांवर दिसणारी उदाहरणं. पुढचं सगळं या चौथ्या जातीबद्दल आहे. एएमटी असेल तर यातला एकही दाब तिथे लावू नका.

दातांचं गणित एकदाच, पण नीट

मॅन्युअलमध्ये गिअर बदलताना आपण स्लीव्ह सरकवून वेगळी जोडी गुंतवतो. ऑटोमॅटिकमध्ये काहीच सरकत नाही. दाते कायम एकमेकांत गुंतलेले असतात. मध्ये सन गिअर, भोवती प्लॅनेट, बाहेर रिंग गिअर, आणि प्लॅनेट धरून ठेवणारा कॅरिअर. कुणाला फिरवायचं आणि कुणाला घट्ट धरायचं, एवढ्यावरच गिअर ठरतो.

समजा सनला 30 दाते आहेत आणि रिंगला 70. रिंग धरून ठेवली, सन फिरवला आणि कॅरिअरवरून ताकद घेतली, तर गुणोत्तर 1 अधिक 70 भागिले 30, म्हणजे 3.33. हा जोरदार पहिला गिअर झाला. सन धरला आणि रिंग फिरवली तर 1 अधिक 30 भागिले 70, म्हणजे 1.43. दोन भाग एकमेकांना बांधून टाकले की सगळा संच एकत्र फिरतो, 1 ला 1. आणि कॅरिअर धरून सन फिरवला की रिंग उलटी फिरते. तो रिव्हर्स.

म्हणजे धरणं आणि सोडणं, एवढंच काम आहे. ते काम मल्टिप्लेट क्लच, ब्रेक आणि काही खोक्यांत (खोकं म्हणजे गिअरबॉक्स) बँड, म्हणजे आवळणारा पट्टा, करतात. क्लचच्या डब्यात एक अस्तराची प्लेट, एक लोखंडी प्लेट अशा थप्पीने रचलेल्या असतात आणि मागे पिस्टन असतो. पिस्टनमागे तेल भरलं की थप्पी आवळली जाते. पिस्टनचं क्षेत्रफळ 100 चौरस सेंटिमीटर आणि तेलाचा दाब 10 बार (1 बार म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो) असेल, तर थप्पीवर सुमारे एक टनाचा भार येतो. ताटलीएवढ्या पिस्टनवर एक टन! दाब निम्म्यावर आला की भारही निम्मा होतो आणि प्लेटा घसरून जळायला लागतात. म्हणून प्लेटा जळालेल्या दिसल्या की नुसत्या प्लेटा बदलून थांबू नका, दाब का पडला ते शोधा. नाहीतर नव्या प्लेटाही त्याच वाटेने जातील.

दाब येतो कुठून

इंजिनाच्या मागे टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्याच्यात इंपेलर तेल फेकतो, टर्बाइन ते झेलतो, आणि मधला स्टेटर परतणाऱ्या तेलाला वळण देतो. गाडी जागेवरून उठताना या वळणामुळेच इंजिनाचा टॉर्क साधारण दुपटीपर्यंत वाढतो. वेग धरल्यावर आतला लॉकअप क्लच इंपेलर आणि टर्बाइन एकत्र बांधतो.

कन्व्हर्टरच्या मानेवरच तेलाचा पंप बसवलेला असतो. इंजिन फिरलं तरच पंप फिरतो. ही गोष्ट आपल्या भागातल्या प्रत्येक गाडीवाल्याने लक्षात ठेवावी. चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या घाटात गाडी बंद पडली की लगेच दोर बांधून ओढत आणायची आपली सवय आहे. इंजिन बंद असताना चाकं फिरत राहिली, तर आतले बुश आणि प्लॅनेट तेलाविना फिरतात. दहा-पंधरा किलोमीटर असं ओढलं तर चांगला गिअरबॉक्स कामातून जाऊ शकतो. ट्रकवर चढवून आणा, किंवा ओढणारी चाकं जमिनीवरून उचलून आणा. बॅटरी उतरली तर धक्का मारूनही या गाड्या सुरू होत नाहीत, कारण पंप बंद असल्याने क्लच आवळलाच जात नाही.

पंपातून निघालेलं तेल प्रेशर रेग्युलेटरकडे जातं आणि तिथे मुख्य दाब ठरतो. त्याला लाइन प्रेशर म्हणतात. इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू, आणि लिव्हर डी वर, म्हणजे पुढे जायच्या जागेवर, असताना तो बऱ्याच खोक्यांत चार-पाच बारच्या आसपास असतो. ॲक्सिलरेटर दाबला की वाढतो, रिव्हर्सला सगळ्यात जास्त जातो. तिथून तेल मॅन्युअल व्हॉल्व्हकडे येतं, जो तुमच्या लिव्हरला जोडलेला असतो. तुम्ही डी टाकलंत म्हणजे गिअर टाकला नाही, पुढे जायच्या पाटात पाणी सोडलंत.

पाट हा शब्द मी मुद्दाम वापरला. चिकोडी-रायबागकडे उसाला पाणी पाजताना ज्याने दारं धरलंय, त्याला व्हॉल्व्ह बॉडी पाच मिनिटांत कळते. मुख्य पाटातलं पाणी एकच. ज्या सरीचं दारं मोडलं तिथे पाणी जातं, आणि पुढची सरी उघडली की मागची बांधून घ्यावी लागते. दोन्ही उघडी राहिली तर दोन्हीकडे पाणी कमी पडतं. स्पूल म्हणजे हेच दारं. फरक एवढाच, की इथे ते माणूस मोडत नाही, तेलाचा दाबच मोडतो.

दोन दाबांची रेटारेटी

संगणक नसलेल्या जुन्या खोक्यांत हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. जनरल मोटर्सने 1939 साली 1940 च्या ओल्ड्समोबिल गाडीत हायड्रामॅटिक दिला, तेव्हापासून पुढची चाळीसेक वर्षं गिअर बदलायचा निर्णय निव्वळ तेलच घेत होतं.

शिफ्ट व्हॉल्व्हच्या स्पूलवर दोन बाजूंनी रेटा असतो. एका टोकाला गव्हर्नर प्रेशर. गव्हर्नर हा आउटपुट शाफ्टबरोबर फिरणारा छोटा व्हॉल्व्ह. गाडीचा वेग वाढला की त्याची वजनं बाहेर फेकली जातात आणि दाब वाढतो. दुसऱ्या टोकाला स्प्रिंग आणि थ्रॉटल प्रेशर. तुम्ही ॲक्सिलरेटर जितका दाबाल तितकं हे वाढतं. म्हणजे एका बाजूला गाडीचा वेग आणि दुसऱ्या बाजूला चालवणाऱ्याची मागणी.

समजण्यापुरते आकडे घेऊ. स्पूलच्या टोकाचं क्षेत्रफळ 1 चौरस सेंटिमीटर, स्प्रिंगचा जोर दीड किलो. हलका पाय असेल तर थ्रॉटलचा रेटा एक किलो, मिळून अडीच. 25 च्या वेगाला गव्हर्नरचा रेटा अडीचच्या वर गेला की स्पूल खटकन सरकतो, दुसऱ्या गिअरचा रस्ता उघडतो. आता पाय पूर्ण दाबलात. थ्रॉटलचा रेटा चार किलो, स्प्रिंगसकट साडेपाच. गव्हर्नरला तिथे पोचायला वेग 50 च्या पुढे न्यावा लागेल. म्हणून जोरात पळवताना गिअर उशिरा पडतो. यात बिघाड काहीच नाही, खोक्याने तुमचं ऐकलंय.

आता यातली सगळ्यात हुशार गोष्ट. स्पूल एकदा वरच्या गिअरला सरकला की त्याचाच एक लँड, म्हणजे जाड भाग, थ्रॉटल प्रेशरची वाट बंद करतो. मागे रेटायला उरते फक्त स्प्रिंग. म्हणून 25 ला पडलेला दुसरा गिअर 24 ला लगेच सुटत नाही. गव्हर्नरचा रेटा दीड किलोच्या खाली आल्यावर, समजा 15 च्या वेगाला सुटतो. ही सोय नसती तर शहापूरच्या गर्दीत गाडी मिनिटाला दहा वेळा पहिला-दुसरा करत बसली असती. ओव्हरटेकला पाय तळापर्यंत दाबला की मात्र किकडाउनचं तेल वेगळ्या वाटेने येऊन स्पूलला मागे ढकलतं आणि खालचा गिअर मिळतो.

मी उमेदवारीची वर्षं उद्यमबागेत स्पूल ग्राइंड करण्यात घालवली. तिथे हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे कारखाने आहेत, त्यामुळे बेळगावच्या कितीतरी पोरांच्या हाताला मायक्रॉनची भाषा माहीत आहे. गिअरबॉक्समधला स्पूल बघितला तेव्हा मला तो ओळखीचा वाटला. ज्याला शेपाचशे स्पूल हाताळायची सवय आहे, त्याने हे काम नक्की शिकावं. आपल्याकडे याची माणसं कमी आहेत.

रस्ता उघडल्यावरचं अर्धं सेकंद

स्पूल सरकला म्हणजे गिअर पडला असं नाही. तेल आधी पिस्टनमागची पोकळी भरतं, मग पिस्टन प्लेटांना टेकतो, मग दाब चढतो. हा दाब एकदम चढला तर दणका बसेल. म्हणून वाटेत बारीक भोक ठेवतात आणि बाजूला अक्युम्युलेटर, म्हणजे स्प्रिंगवर बसलेला एक पिस्टन. चढत्या दाबातलं थोडं तेल तो पोटात घेतो, तेवढ्यात प्लेटा घसरत-घसरत पकड घेतात. अक्युम्युलेटरचं रबरी सील कडक झालं किंवा स्प्रिंग मोडली, की गिअर पडताना धक्का बसायला लागतो.

सुटतानाही शहाणपण आहे. भरताना तेल बारीक भोकातून यावं आणि सुटताना मोकळ्या वाटेने जावं, म्हणून व्हॉल्व्ह बॉडीत छोट्या गोळ्या ठेवलेल्या असतात. क्लचच्या फिरत्या डब्यातही अशी एक गोळी असते. डबा वेगात फिरला की उरलेलं तेल बाहेरच्या अंगाला फेकलं जाऊन पिस्टनला ढकलायला बघतं. ही गोळी ते तेल निसटू देते. ती अडकली तर सुटलेला क्लच अर्धवट घासत राहतो.

एक क्लच सोडायचा आणि दुसरा पकडायचा, याची वेळ जुळली पाहिजे. दुसरा उशिरा आला तर मामांच्या गाडीसारखं इंजिन ओरडतं. पहिला उशिरा सुटला तर क्षणभर दोन्ही पकडतात आणि ब्रेक मारल्यासारखी गाडी दबते. ही दोन लक्षणं वेगवेगळी ओळखता आली की निम्मं निदान झालं.

नव्या खोक्यांत गव्हर्नर आणि थ्रॉटल केबल गेली, त्यांच्या जागी सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह, आले. शाफ्टचे सेन्सर वेग सांगतात, संगणक सोलेनॉइडला वीज देतो, सोलेनॉइड तेलाचा छोटा दाब ठरवतो आणि तो दाब स्पूलला ढकलतो. शेवटी क्लच आवळतं तेलच. म्हणून स्कॅनरवर कोड आला नाही म्हणजे खोकं निरोगी आहे असं समजू नका. अडकलेल्या स्पूलला संगणक बघू शकत नाही, त्याला फक्त घसरण दिसते.

तपासणी: खोलण्याआधी एवढं करा

पहिली पायरी तेल. गाडी गरम करा, सपाट जागी उभी करा, इंजिन चालू ठेवून ब्रेक दाबा आणि लिव्हर सगळ्या जागांवरून एकदा फिरवून पी (पार्किंग) वर आणा. डिपस्टिक असेल तर पातळी बघा. नसेल तर ओव्हरफ्लो प्लग असतो, तो कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या तापमानालाच उघडायचा. ते तापमान बहुधा 35 ते 45 अंशांत असतं. तेलाचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका. पसरून गुलाबी डाग पडला तर ठीक. मध्येच काळा ठिपका राहिला, करपलेला वास आला, तर प्लेटा जळताहेत. तेल दुधाळ गुलाबी दिसलं तर कूलरमधून पाणी शिरलंय. त्या गाडीला एक किलोमीटरही चालवू नका, अस्तराचा डिंक सुटतो.

दुसरी पायरी वेळ. ब्रेक घट्ट दाबून एन (न्यूट्रल) वरून डी टाका. गिअर पकडल्याचा हलका हिसका किती वेळात जाणवतो ते मोजा. साधारण सव्वा सेकंदाच्या आत जाणवला पाहिजे, रिव्हर्सला दीड सेकंदाच्या आत. डी ला उशीर आणि रिव्हर्स ठीक असेल, तर दोष गाडी पुढे नेणाऱ्या क्लचच्या वाटेवर. दोन्हीला उशीर असेल तर तेल कमी, फिल्टर तुंबलेला किंवा पंप थकलेला.

तिसरी पायरी गेज, म्हणजे दाब मोजायचं घड्याळ. खोक्यावर लाइन प्रेशरचा प्लग असतो. तिथे 25-30 बारपर्यंतचा गेज लावा आणि आयडलला डी, मग रिव्हर्स, असे आकडे लिहून घ्या. त्याच मॉडेलच्या पुस्तकाशी ताडून बघा. गेज नसताना गिअरबॉक्स उतरवायचा निर्णय मी आता घेतच नाही.

स्टॉल टेस्ट, म्हणजे गाडी ब्रेकवर अडवून इंजिन किती आरपीएमपर्यंत जातं ते बघणं, जपून करा. चाकांना अडसर लावा, हँडब्रेक ओढा, समोर माणूस नको. डाव्या पायाने ब्रेक दाबून उजव्याने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा, आरपीएम बघा, सोडा. पाच सेकंदांच्या वर कधीही नाही, कारण सगळी ताकद तेलात उष्णता होऊन उतरते. नंतर एन वर मिनिट-दोन मिनिटं चालू ठेवा. पुस्तकापेक्षा आरपीएम जास्त म्हणजे क्लच घसरतोय. फार कमी म्हणजे इंजिन अशक्त, किंवा स्टेटरचा वन-वे क्लच धरत नाही. दाब आधीच कमी मिळाला असेल तर ही टेस्ट करूच नका, उरलेल्या प्लेटा जातील.

व्हॉल्व्ह बॉडी उतरवली तर

पॅन काढल्यावर आधी चुंबक बघा. मऊ राखाडी गाळ चालतो, तो झिजेचा. बोटाला टोचणारे तुकडे निघाले तर काम व्हॉल्व्ह बॉडीचं नाही, पोटातलं आहे.

व्हॉल्व्ह बॉडीचे बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर चित्र काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचा. दोन भाग वेगळे करताना गोळ्या कुठे आहेत त्याचा फोटो आधी काढा, मग हात लावा. एक गोळी चुकीच्या खड्ड्यात बसली तर आख्खं खोकं चुकीचं वागतं. आता एक-एक स्पूल काढा, बोअरच्या क्रमानेच ट्रेमध्ये ठेवा. साफ करायला धागे न सुटणारं कापड घ्या. बनियनच्या चिंध्या नकोत. बोअर धुऊन हवा मारा, स्पूलला नवं तेल लावा आणि परत घाला. बॉडी उभी धरली की स्पूल स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. मध्ये थांबला तर तिथेच दोष आहे.

अडणारा स्पूल घासायला पॉलिश पेपर हातात येतो. एवढं मात्र ऐका: लँडच्या धारदार कडा गोल करू नका. ती कड धारदार असते म्हणून कचरा कापून पुढे ढकलते. कड गोल झाली की कचरा स्पूल आणि बोअरच्या फटीत शिरतो आणि पाचर बसते. सपाट अंगावरचा कण तेलात भिजवलेल्या अगदी बारीक पेपरने अलगद काढा, कडेला हात लावू नका. बोअरच झिजला असेल तर बॉडी बदला.

बॉडी खाली असतानाच क्लचची हवा-तपासणी करून घ्या. खोक्यावरच्या प्रत्येक क्लचच्या भोकात तीनेक बारची कोरडी हवा सोडा. "थप्प" असा जड आवाज आला म्हणजे पिस्टन हलला. नुसती फुसफुस आली तर सील गेलंय, आणि आता मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागेल. मामांच्या गाडीला मी हे आधी केलं असतं तर तिसऱ्या क्लचने "थप्प" करून मला सरळ सांगितलं असतं की माझ्यात दोष नाही.

घाटासाठी दोन गोष्टी

केरीकडून चोर्ला चढताना डी मध्ये गाडी वरचा-खालचा गिअर करत राहते आणि लॉकअप सुटून कन्व्हर्टर तेल तापवत राहतो. मॅन्युअल मोडमध्ये खालचा एक गिअर धरून ठेवा, आरपीएम जरा जास्त राहू द्या. उतरताना कित्येक जण तक्रार करतात की पहिल्या गिअरला इंजिन गाडीला धरत नाही. बऱ्याच खोक्यांत डी मधला पहिला गिअर वन-वे क्लचवर उभा असतो. तो सायकलच्या फ्रीव्हीलसारखा, उलट्या बाजूने मोकळा फिरतो. एल किंवा मॅन्युअल पहिला टाकलात की वेगळ्या वाटेने तेल जाऊन लो ब्रेक आवळला जातो आणि मग इंजिन गाडीला धरतं.

तेल पुस्तकात लिहिलेलंच भरा. रंग लाल आहे म्हणून कुठलंही लाल तेल चालत नाही, प्लेटांची पकड त्यातल्या रसायनांवर ठरते. पॅनमधून काढलं तरी बरंच तेल कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून काढलेलं मोजा आणि तेवढंच भरून मग गरम पातळी बघा. घाटात चालणाऱ्या गाडीचं तेल मी 40 ते 50 हजार किलोमीटरला बदलतो.

काम झाल्यावर पहिले दहा-पंधरा किलोमीटर हलक्या पायाने चालवा. मी काकतीकडे हायवेला जाऊन येतो. प्रत्येक गिअर किती वेगाला पडला ते शेजारी बसलेल्या पोराला वहीत लिहायला लावतो, आधी अर्ध्या पायाने, मग जोरात. परत आल्यावर पातळी पुन्हा बघतो. गाडी रात्रभर उभी ठेवतो आणि सकाळी, इंजिन सुरू करायच्या आधी, पॅनच्या कडेने कोरडं बोट फिरवतो. बोट कोरडं निघालं की मगच गाडी मालकाच्या ताब्यात देतो.